निवडलेला पेशंट कोणाचा?

गेल्या आठवड्यात ऑफिसात माझं आणि एका तरुण सहकाऱ्याचं जोरदार भांडण झालं. भांडण म्हणजे काय, आवाज चढले, चहा गार झाला आणि शेवटी दोघंही "बघू नंतर" म्हणत आपापल्या खुर्चीत जाऊन बसलो. घरी आलो तरी डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, "एवढं काय झालं?" मी सांगायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला तिने भाजी चिरायला घेतली. तेव्हा म्हटलं, आपला ब्लॉग कशासाठी आहे?

तर विषय असा. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये माणसाने एका ठिकाणी यादीतली एखादी ओळ निवडली, तर त्याच प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या खिडकीला ते कसं कळवायचं? बस्स, एवढाच प्रश्न. माझा सहकारी म्हणतो यात चर्चा करण्यासारखं काही नाही, एका ओळीचं काम आहे. मी म्हणतो ती एक ओळच घात करते. का म्हणतो ते खाली येईलच, आणि त्यात माझी स्वतःचीही थोडी अब्रू जाणार आहे.

या धंद्यातल्या मित्रांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. नातेवाईक मंडळींनी मात्र सोडू नयेत. मावशी, तू तर मुळीच सोडू नकोस, कारण उदाहरण साडीच्या दुकानाचं आहे.

साडीच्या दुकानात मागे गोदाम असतं, तिथे खरा माल आणि मालाची वही. पुढे गादी असते, तिथे आपण बसतो, साड्या बघतो. आणि मध्ये असतो तो दाखवणारा माणूस. तो गोदामातून माल काढतो, आपल्याला दिसेल असा पसरतो आणि आपण बोट ठेवलेली साडी लक्षात ठेवतो. प्रोग्रॅममध्येही हेच तीन भाग करतात. गोदाम म्हणजे मॉडेल, गादी म्हणजे व्ह्यू आणि हा मधला माणूस म्हणजे व्ह्यू मॉडेल. मायक्रोसॉफ्टमधल्या जॉन गॉसमन यांनी २००५ साली ही मांडणी या नावाने लिहून काढली, २००६ च्या शेवटी डब्ल्यूपीएफ बाहेर आलं आणि विंडोजवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या तोंडी 'एमव्हीव्हीएम' हे चार अक्षरी स्तोत्र बसलं ते बसलंच.

आता दुकानात दाखवणारा एक असतो आणि बिल करणारा दुसरा. म्हणजे दोन व्ह्यू मॉडेल. गादीवर मावशीने हिरव्या साडीवर बोट ठेवलं, हे काउंटरवरच्या माणसाला कळणार कसं? गॉसमन साहेबांच्या मांडणीत गादी आणि दाखवणारा यांचं नातं फार छान सांगितलेलं आहे. पण दोन दाखवणाऱ्यांनी एकमेकांशी कसं बोलावं, हे त्या चार अक्षरांत कुठेच नाही. ते ज्याने त्याने आपापल्या अकलेने ठरवायचं. माझी अक्कल किती होती ते आता सांगतो.

२०११ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहिला होता. डावीकडे दिवसभरात आलेल्या पेशंटची यादी, एका ओळीवर क्लिक केलं की उजवीकडे त्याची माहिती. "निकाल भरा" असं बटण दाबलं की वेगळी खिडकी उघडायची, तिथे तपासणीचे आकडे भरायचे आणि सेव्ह करायचं. निवडलेला पेशंट बऱ्याच खिडक्यांना लागायचा: निकालाच्या, बिलाच्या, रिपोर्ट छापायच्या. प्रत्येकीला वेगवेगळा पाठवत बसायचा कंटाळा आला, म्हणून मी एक सामाईक डबा केला. सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच, कुठूनही हात घालता येईल असा. या प्रकाराला आमच्यात सिंगलटन म्हणतात. त्या डब्यात 'निवडलेला पेशंट' ठेवला. यादीवर क्लिक झालं की डब्यात नवा पेशंट, आणि ज्याला हवा त्याने डब्यातून घ्यावा. एका दुपारीत पाच खिडक्या जोडल्या. मला आठवतंय, मी खूश होऊन सगळ्यांना बटाटेवडे खिलवले होते.

दोन-तीन महिने उत्तम चाललं. मग एक दिवस तिथल्या टेक्निशियन बाई एका किडनीच्या जुन्या पेशंटचे आकडे भरत होत्या. क्रिएटिनिन ४.८. भरून झाले, सेव्ह करणार एवढ्यात काउंटरवर कोणीतरी विचारलं, "आमच्या आईचा रिपोर्ट झाला का?" त्यांनी निकालाची खिडकी तशीच ठेवली, मागच्या यादीत त्या आजींच्या नावावर क्लिक केलं, "होतोय, पाच मिनिटं बसा" म्हणाल्या आणि परत निकालाच्या खिडकीत येऊन सेव्ह दाबलं.

धंद्यातल्या लोकांना एव्हाना कळलं असेल. खिडकीवर आकडे पहिल्या पेशंटचे होते. वर नावही पहिल्याचंच दिसत होतं, कारण नाव खिडकी उघडताना एकदाच लिहिलं जायचं. पण सेव्ह करणारा कोड डब्यात बघायचा, आणि डब्यात आता आजी होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साधी तपासणी करायला आलेल्या आजींच्या नावावर ४.८ क्रिएटिनिन जमा झालं. रिपोर्ट छापला गेला, मुलगा घेऊन घरी गेला.

हे कळलं तेही त्या बाईंमुळेच. संध्याकाळी किडनीच्या पेशंटचं नाव अजून 'बाकी' यादीत दिसलं. दुसऱ्या कोणी असतं तर "राहिले वाटतं भरायचे" म्हणून पुन्हा भरून मोकळं झालं असतं. या म्हणाल्या, "मी भरले होते. मग ते गेले कुठे?" आणि दिवसभराचे सगळे रिपोर्ट उलटे तपासत बसल्या. रात्री साडेनऊला त्या घरी फोन गेला. तोपर्यंत त्या घराने संध्याकाळ कशी काढली असेल याची कल्पना करा. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, मोठ्या शहरात न्यायचं का, इथपर्यंत त्यांचं बोलणं गेलं होतं.

आणि आता अब्रूची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या मालकांचा मेल आला, त्याला मी पहिलं उत्तर लिहिलं: "यूजरने काम चालू असताना मध्येच दुसरा पेशंट निवडल्यामुळे असे झाले. कृपया सूचना द्याव्यात." मालकांनी सूचना दिल्या. म्हणजे त्या बाईंना सगळ्यांदेखत बोलणी बसली. मी कोड उघडून नीट बघितलं ते त्यानंतर दुपारी. मग दुसरा मेल लिहिला, माफी मागितली, स्वतः एसटीने जाऊन दुरुस्ती करून आलो. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "आता दुसऱ्या नावावर क्लिक केलं तर चालेल ना?"

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं विसरलेलो नाही. यादी समोर आहे, क्लिक करायलाच ठेवलेली आहे, आणि वापरणाऱ्या बाईला ते करू का म्हणून विचारावं लागतं!

असो. तर आता वादाचा मुद्दा.

माझं म्हणणं असं आहे की 'निवडलेला' हा एकच शब्द आम्ही दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, माणूस आत्ता ज्याच्याकडे बघतोय तो. दुसरा, माणूस ज्याचं काम करतोय तो. यादीवरचं बोट ही पहिली गोष्ट. ते दर सेकंदाला हलणार, हलायलाच हवं. निकाल भरायला घेतला ही दुसरी गोष्ट. ती एकदा ठरली की काम संपेपर्यंत हलता कामा नये. दुकानात बघा. मावशीने हिरवी पसंत केली की दाखवणारा एक चिठ्ठी लिहितो, साडीचा नंबर टाकतो आणि चिठ्ठी काउंटरवर जाते. बिल होईपर्यंत मावशी आणखी चाळीस साड्यांवर बोट ठेवते (ठेवतेच!), पण बिल चिठ्ठीवरच्या नंबराचंच होतं. काउंटरवरचा माणूस मान वळवून "आत्ता ताईंचं बोट कुठे आहे" असं बघत बिल करायला लागला, तर त्या दुकानात दुसऱ्यांदा कोणी पाऊल ठेवणार नाही. मी त्या लॅबला नेमकं तसंच दुकान बांधून दिलं होतं.

सामाईक डब्याबद्दल नवीन काही सांगायची गरज खरं तर नसावी. ग्लोबल व्हेरिएबल घातक असतात हे वुल्फ आणि शॉ यांनी १९७३ साली लिहून ठेवलंय. सिंगलटन लोकप्रिय करणारं चौघांचं पुस्तक १९९४ चं, आणि त्या चौघांपैकीच एरिक गॅमा यांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की पुस्तकातून एखादा पॅटर्न काढायचा झाला तर सिंगलटन काढावा. मी वडे वाटले त्याच्या दोन वर्षं आधी! वाचलं असतं तर.

पण गंमत म्हणजे माझा सहकारी डब्याच्या बाजूने भांडत नव्हता. तो म्हणाला, "डबा वाईटच. मी मेसेंजर वापरतो." आणि इथेच आमचं जुंपलं.

मेसेंजर म्हणजे दुकानात मोठ्याने हाळी देणं. दाखवणारा ओरडतो, "हिरवी साडी निवडली होऽऽ!" ज्याला ऐकायचं असेल त्याने ऐकावं. ओरडणाऱ्याला ऐकणारा माहीत नाही, ऐकणाऱ्याला ओरडणारा माहीत नाही. प्रिझममध्ये इव्हेंट ॲग्रिगेटर, एमव्हीव्हीएम लाइटमध्ये मेसेंजर, हल्लीच्या कम्युनिटी टूलकिटमध्ये वीक रेफरन्स मेसेंजर. नावं वेगळी, हाळी तीच. दोन व्ह्यू मॉडेल एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणजे ती एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणजे डिझाइन चांगलं, असा युक्तिवाद.

अहो, पण ती अवलंबून आहेतच! निकालाच्या खिडकीला पेशंट लागतोच. तो मिळाला नाही तर ती खिडकी म्हणजे नुसती रिकामी चौकट. फरक एवढाच की आधी हे कोडमध्ये उघड दिसत होतं, आता दिसत नाही. घरातला पसारा पलंगाखाली ढकलला म्हणून घर आवरलं असं होत नाही.

आणि हाळीचे स्वतःचे त्रास आहेतच. हाळी दिली तेव्हा काउंटरवरचा माणूस चहाला गेला असेल तर? निकालाची खिडकी 'पेशंट निवडला' हा निरोप जाऊन गेल्यावर उघडली, तर तिला तो कधीच मिळत नाही. मग लोक काय करतात, खिडकी उघडल्यावर तोच निरोप परत पाठवतात. तो बाकीच्या चार खिडक्या पुन्हा ऐकतात. त्यातली एखादी उत्तरादाखल स्वतःचा निरोप पाठवते. आणि मग एका क्लिकवर यादी तीनदा का लुकलुकते हे शोधण्यात शनिवार जातो. बंद केलेली खिडकी नोंद काढायला विसरली, तर ती साध्या मेसेंजरमध्ये मेमरीत भुतासारखी बसून राहते आणि निरोप ऐकत राहते. वीक रेफरन्सची भानगड जन्माला आली ती याचसाठी. त्यातही कचरा गोळा होईपर्यंत बंद खिडकी ऐकत राहू शकतेच.

सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या लॅबमधली चूक मेसेंजरने टळली नसती. बाईंनी आजींच्या नावावर क्लिक केल्यावर हाळी गेलीच असती आणि उघड्या खिडकीने ती इमानेइतबारे ऐकून आपला पेशंट बदलला असता. बोटच पाठवताय ना? मग डब्यातून पाठवा नाहीतर ओरडून पाठवा, बोट ते बोटच.

मेसेंजर वाईट असं मी म्हणत नाही. घडून गेलेल्या गोष्टी सांगायला तो उत्तम. "अमुक नमुन्याचा निकाल सेव्ह झाला." "यूजर बाहेर पडला." ज्याला रस असेल त्याने आपली यादी ताजी करावी, नसेल त्याने सोडून द्यावं. कोणी ऐकलं नाही तरी आभाळ कोसळत नाही. ज्याच्यावाचून खिडकीचं अडतं, ती गोष्ट मात्र हाळी देऊन पोचवू नये.

आता तिसरी तऱ्हा, तीही सांगून टाकतो, कारण ती साळसूद दिसते. यादीतला पेशंटचा तोच ऑब्जेक्ट उचलायचा आणि दुरुस्तीच्या खिडकीला द्यायचा. निदान पेशंट तरी बदलत नाही. पण मग खिडकीत नाव दुरुस्त करायला घेतलं की मागच्या यादीत अर्धवट टाइप केलेलं नाव अक्षराअक्षराने बदलताना दिसतं. आणि 'रद्द करा' दाबलं तरी बदललेलं ते बदललेलंच. अख्खी यादी दोन खिडक्यांना मिळून दिली तर आणखी मजा: डब्ल्यूपीएफमध्ये एका यादीचा डीफॉल्ट व्ह्यू एकच असतो, त्यामुळे एका खिडकीत 'फक्त आजचे पेशंट' असा फिल्टर लावला की दुसऱ्या खिडकीतले कालचे पेशंटही गायब. हे माहीत नसताना मी एकदा डेटाबेस तपासत बसलो होतो.

मग करायचं काय? नंतर त्या लॅबमध्ये जे केलं ते सांगतो. त्यात हुशारी काही नाही.

यादी आणि शेजारची माहिती एकाच पडद्यावर होती. तिथे बोटामागे जाणंच बरोबर आहे, कारण तो भाग बघण्यासाठीच आहे. पण ते बोट दोघांच्याही वर असलेल्या एका पॅरेंट व्ह्यू मॉडेलच्या मालकीचं केलं. यादी त्याला सांगते, तो माहितीच्या भागाला देतो. निवड कोणी बदलली हे शोधायचं तर एकच जागा बघायची. यादी ताजी करताना ती क्षणभर रिकामी होते आणि निवड नल होते, हा रोजचा घोळही तिथेच एका ठिकाणी निस्तरता येतो.

काम सुरू होतं तिथे चिठ्ठी. 'निकाल भरा' दाबलं की त्या क्षणी निवडलेल्या नमुन्याचा नंबर कन्स्ट्रक्टरमधून नव्या खिडकीच्या व्ह्यू मॉडेलला द्यायचा. नंबरच, अख्खा पेशंट द्यायची गरज नाही. खिडकी त्या नंबरावरून स्वतःची ताजी प्रत वाचते. तो नंबर नंतर बदलायची सोयच ठेवलेली नाही. खिडकीच्या माथ्यावर नाव आणि नंबर दोन्ही, आणि सेव्ह करणारा कोड तोच नंबर वापरतो जो माथ्यावर दिसतो. सेव्ह झाल्यावर "या नंबराचं काम झालं" अशी हाळी. मेसेंजरचं काम इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

यावर सहकाऱ्याचा आक्षेप होता, आणि तो अगदी खोटा नाही. "चार थर खाली असलेल्या खिडकीला नंबर द्यायचा तर मधल्या तिघांनी उगाच हमाली का करायची?" हमाली होते, मान्य. पण मला विचाराल तर ती हमाली आपल्याला काहीतरी सांगत असते. मधल्या तिघांना जे नको ते त्यांच्या हातातून जात असेल, तर बहुतेक वेळा थरच चुकलेले असतात, किंवा ती खिडकी उघडायचं काम भलत्याच थराकडे असतं. खिडक्या उघडायला वेगळी सर्व्हिस करा, तिला थेट नंबर द्या, हमाली संपली. तरीही अडलं तर बापडा छोटासा सामाईक स्टोअर करा, पण एका कामापुरता, एकाच मालकाचा, इतरांना फक्त वाचता येईल असा. सगळ्या प्रोग्रॅमला उघडा डबा नको.

दुसरा आक्षेप होता, "आपलं सॉफ्टवेअर काही हॉस्पिटलचं नाही." आम्ही सध्या गोदामाच्या मालाचं करतोय हे खरं. पण चुकीच्या ओळीवर काम होण्याची किंमत काय असेल हे आपल्याला कोड लिहिताना कळतं का? लॅबचा कोड लिहिताना मलाही ती यादी म्हणजे नुसत्या ओळीच वाटल्या होत्या. आणि गोदामात चुकीचा माल चुकीच्या गाडीत चढला तर बोलणी कोणाला बसणार? डिझाइन करणाऱ्या आपल्याला खचितच नाही. रात्रपाळीच्या क्लार्कला. आणि आपल्यातलाच कोणीतरी मेल लिहिणार, "यूजरने मध्येच दुसरी ओळ निवडली."

माझा खरा राग आहे तो इथे. मध्येच दुसरी ओळ निवडणं ही चूक नाही. फोन वाजतो, काउंटरवर कोणी येतं, साहेब हाक मारतात. काम करणाऱ्या माणसाचा दिवस असाच असतो. त्याने मान वळवली म्हणून हातातलं काम बदलत असेल, तर ते आपण बांधलेलं दुकान वाईट आहे.

सोमवारी त्या मुलाशी परत बोलणार आहे. त्याला ही लॅबची गोष्ट मी भांडताना सांगितलीच नव्हती. लाज वाटली, दुसरं काय. आता इथे लिहिलीच आहे तर तोही वाचेल. चहा माझ्याकडून, आणि या वेळी गार व्हायच्या आत प्यायचा.

आणि मावशी, तुला कितपत कळलं ते फोनवर सांग. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या एका डब्यापायी त्या बाईंनी बोलणी खाल्ली, हेच ना?"

हो. हेच.